बाबा मधातच उतरले

मार्च महिन्यातल्या एका रविवारी छत्तीसगडात, भिलाईजवळच्या चरोद्यात राहणाऱ्या शामसुंदर गजभिये यांनी एक छोटासा निर्णय घेतला. आज दिवसभर कोणाचीही चूक काढायची नाही.

तुम्हाला वाटेल, यात काय विशेष? पण तुम्ही शामसुंदररावांना स्टेशनच्या पूछताछ, म्हणजे चौकशीच्या, खिडकीच्या आत बसलेलं पाहिलेलं नाही. बावीस वर्षं झाली. कोणी धावतपळत येऊन "रायपूरची गाडी केव्हा?" असं विचारलं, तर ते आधी म्हणत, "रायपूरची म्हणजे रायपूरहून येणारी की रायपूरला जाणारी? प्रश्न नीट विचारत जा." तोपर्यंत दोन्ही निघून गेलेल्या असत. घरीही तेच. एकदा त्यांनी शेजारच्या लग्नपत्रिकेतल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनानं दुरुस्त करून पत्रिका नवरदेवाच्या वडिलांना परत पाठवली होती. (नंतर लग्नात त्यांना वाढप्यानं तीनदा टाळलं.)

असा माणूस एक दिवस गप्प बसणार होता, तो मोनासाठी.

मोना त्यांची एकुलती एक लेक. वय वर्षं दहा. हुशार, बडबडी, पण चुकायला भारी भ्यायची. जानेवारीत शाळेत चित्रकलेची स्पर्धा झाली. घाईघाईत हिच्या हातून पोपटाची चोचच हिरवी रंगवली गेली. बस! हिनं कागद फाडला, तुकडे दप्तरात कोंबले आणि हसत हसत घरी आली. "मस्त झालं बाबा, एकदम मस्त!" चार दिवसांनी तिची आई, ताराबाई, झाडत असताना चपलांच्या रॅकमागे हिरव्या चोचीचा पोपट तुकड्या-तुकड्यांत सापडला. तेव्हापासून मोनानं कशातच भाग घेतला नाही. ना धावणं, ना नाच. वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर नाही. गणिताच्या वहीत इतकं खोडायची की पानांची जाळी झाली होती.

"पोरीच्या मनात हे भेव कोणं घातलं असंन?" शामसुंदरराव एकदा जेवताना काळजीनं म्हणाले.

ताराबाईंनी पोळी त्यांच्या ताटात जरा जोरातच टाकली. "घरात चोवीस तास पूछताछची खिडकी उघडी असल्यावर पोरीनं चुकावं तरी कधी?"

हे लागलं. इतकं लागलं की दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत त्यांनी मोबाईलवर 'मुलांना चुकू द्या' असा वीस मिनिटांचा व्हिडिओ अख्खा पाहिला. (बोलणाऱ्या बाईंच्या मागच्या पाटीवर ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका होत्या. त्या त्यांनी मोठ्या मनानं माफ केल्या.) आणि संध्याकाळी घरी येऊन घोषणा केली, "यंदाची वसंत-सहल मोना ठरवणार! कुठं जायचं, कोणत्या गाडीनं, काय खायचं, सगळं मोना. मोठी माणसं एक अक्षर बोलणार नाहीत!"

"आणि मी चुकली तर?" मोनानं विचारलं.

"तर चुकली! मजा आहे!"

मोना त्यांच्याकडे असं पाहू लागली जणू बाबांना ताप आला आहे. पण मग तिचे डोळे चमकले. आठवडाभर ती स्केचपेन घेऊन बसली आणि शुक्रवारी फ्रिजवर एक भलामोठा तक्ता चिकटला. निळी गाडी, पिवळा सूर्य, लाल बाण. घरातल्या सगळ्यांनी तो वाचला. नागपूरहून दोन महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई, वच्छलाबाई, यांनी तर चष्मा लावून दोनदा वाचला. वाचला नाही तो फक्त शामसुंदररावांनी. वाचलं की चुका दिसतील, चुका दिसल्या की बोलावं लागेल. रात्री जेवताना मोनानं प्लॅन मोठ्यानं सांगितला तेव्हाही ते डोळे मिटून, ती चुकल्यावर तिला कोणत्या शब्दांत धीर द्यायचा, त्याची मनातल्या मनात तयारी करत होते. कानात तीनच शब्द शिरले. बाग, बदकं आणि बोट.

मैत्रीबाग! भिलाईतली ती तळ्याची बाग! दरवर्षी तिथंच तर जातो. शामसुंदरराव निश्चिंत झाले.

रविवारी सकाळी चौघंही चरोद्याच्या स्टेशनावर आली. मोनानं स्वतः खिडकीवर जाऊन तिकिटं काढली. शामसुंदरराव दहा पावलं लांब, पाठ करून उभे राहिले. हवेत गारवा होता, कॉलनीतल्या आंब्यांना मोहर आलेला होता, वच्छलाबाईंनी नवं लुगडं नेसलं होतं आणि मोना प्लॅटफॉर्मवर एका पायावर उड्या मारत होती. इतकी खूश ती कित्येक दिवसांत दिसली नव्हती.

तेवढ्यात गाडी आली.

"चलो चलो चलो! आपली गाडी आली!" मोना ओरडली.

शामसुंदररावांनी इंजिनाचं तोंड कुठं आहे ते पाहिलं. मैत्रीबाग दुर्गच्या अंगाला. आणि ही गाडी दुर्गकडून येऊन रायपूरकडे चालली होती! शुद्ध उलटी! बावीस वर्षांची पूछताछ त्यांच्या घशात उसळून आली. त्यांनी तोंड उघडलं. व्हिडिओतल्या बाई आठवल्या. त्यांनी तोंड मिटलं. मधल्या मध्ये कोंबडीसारखा एक आवाज तेवढा निघाला.

"ठसका लागला का?" ताराबाईंनी विचारलं.

"नाही. मी खूप आनंदात आहे," असं म्हणून ते उलट्या गाडीत चढले.

आत शिरतात न शिरतात तोच बबलू चहावाला समोर. रोजचा ओळखीचा. "अरे साहब! आज उल्टा किधर?"

"शूऽऽ!" शामसुंदरराव दात खाऊन म्हणाले. बबलूनं घाबरून त्यांना एक चहा फुकट दिला.

गाडी सुटली. मोनानं खिडकी पकडली आणि झाडं मोजायला लागली. शामसुंदररावांना वाटलं, निदान ताराला तरी सूचना द्यावी. म्हणजे ही पोरगी जेव्हा रडेल, तेव्हा दोघं मिळून सावरू. ते ताराबाईंकडे पाहून भुवया वर-खाली करू लागले. मग मानेनं मागची दिशा दाखवली.

"संडास तिकडे आहे," ताराबाई म्हणाल्या. "जा. इथं डोळे कायले फिरवून राहिले?"

तो मार्ग बंद झाला. मग त्यांनी सासूबाईंकडे मोर्चा वळवला. वच्छलाबाई समोरच्या बाकावर होत्या. त्यांच्या शेजारी डोक्यावर टोपली घेऊन चढलेली एक छत्तीसगढी म्हातारी बसली होती. शामसुंदररावांनी सासूबाईंना हळूच एक डोळा मिचकावला. सासूबाई नेमक्या त्याच वेळी पिशवीतून सुपारी शोधत होत्या. त्यांनी दुसऱ्यांदा मिचकावला. तिसऱ्यांदा जरा जोरात.

"ए बाबू!" म्हातारी कडाडली. "काबर आँखी मारथस? मोर नाती के बिहाव होगे हे!" (डोळा काय मारतोस, माझ्या नातवाचं लग्न झालं, असा त्याचा अर्थ.)

अख्खा डबा वळला. वच्छलाबाईंनी सुपारी शोधणं थांबवलं आणि जावयाकडे पाहिलं. ताराबाईंनी पाहिलं. पलीकडचा एक फौजी उगाचच मिशीवरून हात फिरवत उठून उभा राहिला.

"कचरा... डोळ्यात कचरा गेला," शामसुंदरराव म्हणाले.

"जावईबापू," वच्छलाबाई गंभीरपणे म्हणाल्या, "तीनदा गेला काय?"

त्यानंतर त्यांनी डोळे मिटूनच घेतले. कुम्हारी गेलं. खारून नदीचा पूल आला तशी मोनानं टाळ्या पिटल्या, "खारून! खारून!" आणि थोड्या वेळानं, "रायपूर आलं! आजी, देखो, रायपूर!"

शामसुंदररावांनी डोळे उघडले. मोना हसत होती. ते हसू मात्र त्यांना ओळखीचं वाटलं. चोच हिरवी झाल्यावर, 'मस्त झालं बाबा' म्हणताना, हीच पोरगी अशीच हसली होती! म्हणजे हिला कळलं आहे. गाडी चुकली हे तिला ठाऊक आहे, आणि आतल्या आत मोडून गेलेली माझी लेक वरून हसून दाखवते आहे. दहा वर्षांचं लेकरू एवढं ओझं घेऊन बसलं आहे आणि बाप डोळे मिटून व्हिडिओतल्या बाईचं ऐकतो आहे!

आता मात्र राहवेना. रायपूर सुटलं होतं. पुढच्या एका छोट्याशा स्टेशनावर गाडी थांबली. (स्टेशन इतकं छोटं की नावाची पाटी स्टेशनपेक्षा मोठी होती.) शामसुंदरराव ताडकन उभे राहिले.

"उतरा! सगळे उतरा!"

"कावून?" ताराबाई.

"मले कसंतरी होऊन राहिलं! छातीत! उतरा लवकर!"

छाती म्हटल्यावर कोण विचारतं! ताराबाईंनी पर्स उचलली, मोनानं आजीचा हात धरला, वच्छलाबाई देवाचं नाव घेत उतरल्या. गाडीनं भोंगा दिला आणि निघून गेली. प्लॅटफॉर्मवर चौघं उरली, आणि दूरवर ती टोपलीवाली म्हातारी. तिनं मागं वळून पाहिलं, शामसुंदररावांना ओळखलं आणि टोपली सावरत दुप्पट वेगानं चालू लागली.

"पाणी प्या तुम्ही आधी," ताराबाई घाबऱ्याघुबऱ्या म्हणाल्या. "मोना, वारा घाल बाबाले."

शामसुंदररावांनी पाणी बाजूला सारलं. ते मोनापुढे गुडघ्यावर बसले, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि आठवडाभर तयार केलेलं भाषण सुरू केलं. "बेटा, मले काही झालं नाही. मले सगळं समजते. चूक कोणाच्याही हातून होते. गाडी चुकली तर चुकली. तू हसून दाखवू नको. रड. बाबासमोर मोकळेपणानं रड. अपयश ही..."

"कोणती गाडी चुकली?" मोना म्हणाली.

"हीच ना. उलटी. मैत्रीबाग तिकडं राह्यली."

मोनानं आईकडे पाहिलं. आईनं आजीकडे. आजीनं आभाळाकडे.

"पर बाबा, हम तो मैत्रीबाग जा ही नहीं रहे थे," मोना म्हणाली. "आपण रायपूरच्या पुढं, तिल्द्याले चाललो होतो न! नागसेनमामाकडे! मामाच्या बागेत. मामाच्या तळ्यात बदकं आहेत, आणि मामानं ट्रॅक्टरच्या ट्यूबांची बोट बनवली आहे. मी जेवताना सांगितलं होतं. फ्रिजवर पण लिहिलं आहे. मोठ्या अक्षरात."

पळसाच्या झाडावर एक पोपट बसला होता, तो तेवढा काहीतरी बोलला.

"म्हणजे..." शामसुंदरराव म्हणाले.

"म्हणजे गाडी बराबर होती," ताराबाई म्हणाल्या. "पोरगी बराबर होती. तिकिटं बराबर होती. आणि खिडकीतून स्टेशन मास्तर सांगून राहिले, आता पुढची गाडी पावणेतीन तासांनी आहे."

त्यांनी भावाला फोन लावला. नागसेनमामाचा आवाज एवढा खणखणीत की स्पीकरची गरजच नव्हती. "कुठं आहा ताई? रोडगे निखाऱ्यावर ठेवले न मी! वांग्याची भाजी झाली!"

"यायले उशीर होते नागसेन. हे मधातच उतरले."

"मधातच? कावून?"

"मोनाले धीर द्याले."

पलीकडे आधी हसणं, मग मामानं ते मामीला सांगितलेलं, मग मामीचं हसणं, असं सगळं सविस्तर ऐकू आलं. शामसुंदरराव गुडघ्यावरून अजून उठले नव्हते. त्यांना वाटत होतं, या प्लॅटफॉर्मला एखादं भोक असतं तर बरं झालं असतं. सबंध जिल्ह्याला गाड्या सांगणारा माणूस! आणि स्वतःच्या बायकापोरांना बरोबर गाडीतून खाली उतरवणारा!

मोना त्यांच्याजवळ आली. तिनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "जाऊ द्या न बाबा," ती अगदी मऊ आवाजात म्हणाली. "चुकले तर चुकले."

ताराबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या, ते शामसुंदररावांना शेवटपर्यंत कळलं नाही.

पण भूक काही थांबत नव्हती. प्लॅननुसार जेवण मामाकडे होतं, त्यामुळे जवळ होती ती फक्त वच्छलाबाईंची सुपारी. स्टेशनामागे पायवाट होती. दोन्ही बाजूंनी पळस असा पेटला होता की डोळे दिपावेत, आणि पलीकडे तळ्याकाठी दहा-बारा घरं. पहिल्याच घराच्या ओसरीवर टोपली उतरवून बसलेली ती म्हातारी दिसली.

"आ गे! पाछू-पाछू घर तक आ गे!" हा माणूस पाठोपाठ घरापर्यंत आलेला पाहून तिनं चूल फुंकायची फुंकणी उचलली.

वच्छलाबाई पुढं झाल्या. त्यांनी नागपुरी मराठीत सगळी हकिकत सांगितली. म्हातारीनं ती छत्तीसगढीत ऐकली. मधल्या भाषेचा काही पत्ता नव्हता, पण वच्छलाबाईंनी जावयाच्या डोळे मिचकावण्याची अशी हुबेहूब नक्कल केली की म्हातारी हसून हसून भिंतीला टेकली. तिचं नाव बिसाहिन बाई. तिनं फुंकणी ठेवली, तवा चढवला आणि तांदळाच्या पिठाचे गरम गरम चीले टाकायला सुरुवात केली. बरोबर टमाट्याची झणझणीत चटणी. शामसुंदररावांनी सहा खाल्ले. एकाही चील्याच्या गोलाईबद्दल ते काही बोलले नाहीत.

अंगणात गावातल्या पाच-सहा पोरी फुगडी खेळत होत्या. मोनाला वाटलं, हात धरून गरगर फिरायची फुगडी. पण ही वेगळीच! उकिडवं बसायचं आणि बसल्या बसल्या एक पाय पुढे, एक मागे, असं भराभर उडायचं. तोंडानं "फू, फू" म्हणायचं. पोरी अशा उडत होत्या जणू अंगणात चेंडू सोडले आहेत.

"आ ना, खेल!" एकीनं मोनाला बोलावलं.

मोना एकदम दोन पावलं मागं सरकली. "मुझे नहीं आता." तिचा चेहरा पुन्हा तसाच झाला, गणिताच्या तासाला होतो तसा. ती ओसरीच्या खांबाला चिकटून उभी राहिली.

शामसुंदररावांना एक छान वाक्य सुचलं होतं. अपयशाबद्दलच होतं. पण आज आपल्या वाक्यांची काय किंमत उरली आहे हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी घड्याळ काढलं, पँट गुडघ्यापर्यंत वर सारली, अंगणाच्या मधोमध जाऊन उकिडवे बसले आणि उडी मारली.

धप्प!

कोंबड्या उडाल्या. पोरी किंचाळल्या. शामसुंदरराव उठले, परत बसले, परत उडी. धप्प! या वेळी ते उजवीकडे पडले. तिसऱ्या वेळी डावीकडे. चौथ्या वेळी ते पडले नाहीत, कारण त्यांना उठताच आलं नाही. दोन पोरींनी दोन हात धरून ओढलं तेव्हा कुठं ते सरळ झाले. बिसाहिन बाईचा तव्यावरचा चीला करपला.

"बाबा, असं नाही!" मोना खांबामागून ओरडली. "पाय बदलते वक़्त झुको मत!"

"तुले काय माहीत? तू तर खेळलीच नाही!" शामसुंदरराव धापा टाकत म्हणाले, आणि पाचव्यांदा आपटले.

मोना तरातरा अंगणात आली. फ्रॉक गोळा करून बसली. एक उडी. दुसरी उडी. आणि धप्प!

मोना मातीत बसली होती. दोन्ही हात लाल. तिनं आजूबाजूला पाहिलं. ताराबाई अर्ध्या उठल्या.

आणि मोना खो-खो हसत सुटली. "बाबा! मी दोन उड्यांनी पडली! तुमची तर एक पण नाही झाली!"

मग काय विचारता! पडायचीच शर्यत लागली. मोना पडली, शामसुंदरराव पडले, ताराबाईंनी पदर खोचला आणि त्याही पडल्या. वच्छलाबाईंचे गुडघे दुखतात म्हणून त्या फक्त मोजत होत्या, पण त्यांचं मोजणं चुकलं तरी कोणी दुरुस्त केलं नाही. शेवटी शेवटी मोनाला सलग अकरा उड्या आल्या. त्या गावातल्या सगळ्यात लहान पोरीपेक्षाही कमी होत्या. पण मोनानं त्या अशा मिरवल्या की जणू राज्यात पहिली आली.

पुढची गाडी जवळजवळ हुकलीच होती. धावतपळत पकडली. तिल्द्याला नागसेनमामा स्टेशनावर उभा होता, भाऊजींना पाहताच त्यानं वाकून विचारलं, "इथं उतरता का अजून पुढं जाता?" गार झालेले रोडगे पुन्हा निखाऱ्यावर फुलवले, वांग्याची भाजी वरपली, ट्यूबांच्या बोटीत बसून बदकांच्या मागं लागले. बोट एकदा उलटली. मोनानंच वल्हवली होती. तळं गुडघाभर होतं. सगळे भिजले, आणि मोना पाण्यात उभी राहून ओरडली, "एक और बार!"

इथं ही गोष्ट संपायला हरकत नव्हती. शामसुंदररावांनाही तसंच वाटलं होतं.

पण चैत्रात भिलाईच्या मराठी मंडळाचा कार्यक्रम आला. मुलांसाठी कथाकथनाची स्पर्धा होती, आणि मोनानं आपणहून नाव दिलं. आपणहून! ताराबाईंनी तीनदा विचारून खात्री केली. मोना स्टेजवर गेली, मध्ये दोनदा अडखळली, एकदा वाक्यच विसरली, "सॉरी, फिरसे," म्हणाली आणि पुढं सांगत गेली. गोष्ट होती एका पूछताछवाल्या बाबांची, जे आपल्या मुलीला धीर द्यायला बरोबर गाडीतून उतरतात. हॉल हसून हसून लोळत होता. शामसुंदरराव पहिल्या रांगेत ऊर भरून बसले होते.

निकाल सांगायला परीक्षक धनंजयराव उठले. स्टील प्लांटमधून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, शिस्तीचे गृहस्थ. "तिसरा क्रमांक, कुमारी मोना गजभिये," ते म्हणाले. टाळ्या. "मुलीची सांगण्याची ढब फार सुंदर. हिला पहिलाच क्रमांक द्यायचा होता. पण एक दोष राहिला. वडिलांचं पात्र पटत नाही. विनोदासाठी अतिशयोक्ती चालते, पण इतका बावळट मनुष्य जगात असू शकत नाही. त्यामुळे मार्क कापावे लागले."

मोनानं स्टेजवरून बाबांकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

शामसुंदररावांच्या अंगात काहीतरी संचारलं. लेकीचा पहिला नंबर! आणि तोही आपल्यामुळे गेलेला! दोनशे माणसांसमोर ते उभे राहिले.

"सर," ते खणखणीत आवाजात म्हणाले, "असा मनुष्य आहे. मीच तो. सगळं अगदी असंच झालं. पोरीनं काहीच वाढवून सांगितलं नाही. उलट डोळे मिचकावण्याचं तिनं कमीच सांगितलं!"

धनंजयरावांनी चष्मा खाली ओढून शामसुंदररावांना डोक्यापासून पायापर्यंत नीट न्याहाळलं.

"पटलं," ते म्हणाले. "तुम्हाला पाहून पूर्ण पटलं."

मग त्यांनी नियमांचा कागद उचलला. "पण मग हे तर खरं घडलेलं झालं. आपला नियम क्रमांक चार आहे : गोष्ट काल्पनिकच पाहिजे. म्हणजे मुलीला स्पर्धेतून बाद करावं लागेल."

मोना स्टेजवर पोट धरून हसायला लागली, इतकी की तिला खाली आणायला ताराबाईंना वर जावं लागलं. आणि तिसरा क्रमांक गेला बोलणाऱ्या हत्तीची गोष्ट सांगणाऱ्या एका पोराला. त्याचे वडील शामसुंदररावांच्या शेजारच्याच खुर्चीवर बसले होते. बापानं तोंड उघडलं की नंबर जातो हे पाहिलेलं असल्यामुळे ते कार्यक्रम संपेपर्यंत एक शब्दही बोलले नाहीत.